लिक्विड ऑक्सिजनचा टँकर चालवतात म्हणजे नक्की काय करतात

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू, टँकरात फ्रीज नसतो. कंप्रेसर नाही, कूलिंग नाही, काही नाही. उणे १८३ डिग्रीचा माल भरायचा, व्हॉल्व्ह बंद करायचे आणि निघायचं. बडोद्यात मे महिन्यात ४३-४४ डिग्री असतं, म्हणजे टाकीच्या आत आणि बाहेर सव्वादोनशे डिग्रीचा फरक, आणि ती थंडी टिकवून ठेवणारं मशीन कुठेच नाही. दांडिया बाजारातल्या शेजाऱ्यांपासून लग्नात भेटणाऱ्या पाहुण्यांपर्यंत सगळे मला एकच विचारतात, इंजिन बंद पडलं तर माल गरम होईल ना? अहो, इंजिनाचा आणि मालाचा संबंधच नाही. माल तसाही गरम होतच असतो, भरल्यापासून, हळूहळू. तो किती गरम होतोय, त्याने प्रेशर किती चढतंय आणि ते कधी कुठे सोडायचं, हे बघणं हीच खरी नोकरी आहे, स्टेअरिंग तर कोणीही फिरवतं.

टाकी म्हणजे मोठा थर्मास. थर्मासचा जन्मच मुळी ह्या कामासाठी झालाय, जेम्स ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९२ मधे लिक्विड गॅस ठेवायला दुहेरी भिंतीची बाटली बनवली, चहा त्यात नंतर आला. आमच्या टँकरात आतली टाकी स्टेनलेस स्टीलची, बाहेरची साध्या कार्बन स्टीलची, आणि दोघींच्या मधली हवा काढून टाकलेली. त्या पोकळीत परलाइट नावाची पांढरी भुकटी नाहीतर चकचकीत फॉइलचे थर भरलेले असतात. आतली टाकी साध्या लोखंडाची का नाही, तर एवढ्या थंडीत ते ठिसूळ होतं आणि तडकतं. म्हणूनच गळती झाली की पहिली भीती असते ती चॅसीवर लिक्विड पडण्याची, कारण चॅसी साध्या लोखंडाची असते. आणि ह्या टाक्या कुठे बनतात माहितीये का, आपल्याच इथे, हालोलच्या पुढे कालोलला. आयनॉक्स इंडियाचं हेड ऑफिस बडोद्यातच आहे, फ्रान्समधे आयटरचा जो फ्यूजनचा प्रयोग चाललाय त्याच्या क्रायोलाइन्स, म्हणजे अतिथंड माल नेणारे पाइप, तेसुद्धा ह्यांनी केल्यात. बडोद्याच्या लोकांना लक्ष्मी विलास पॅलेस आणि लिलो चिवडा सोडून काही सांगता येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पाइपांवर आणि व्हॉल्व्हवर बर्फ जमतो, ते नॉर्मल आहे. पण टाकीच्या अंगावर मधेच कुठे बर्फाचा पट्टा दिसला किंवा बॉडी ओली गार लागायला लागली तर समजायचं व्हॅक्यूम गेला. मग थर्मास नुसता डबा झाला आणि प्रेशर तुमच्या डोळ्यांसमोर चढणार. सकाळी निघायच्या आधी टाकीभोवती चक्कर मारून बॉडीवर हात फिरवायचा, टायरला हातोडी मारतो तसंच हे पण.

आता माल गरम झाला की होतं काय? उकळतो. एक लिटर लिक्विड ऑक्सिजनचा बाहेरच्या तापमानाला साधारण ८६० लिटर गॅस होतो, आर्गॉनचा ८४०, नायट्रोजनचा ७०० च्या आसपास, एलएनजीचा, म्हणजे थंड करून लिक्विड केलेल्या नैसर्गिक गॅसचा, ६०० (हे सगळे मालही अशाच टँकरने जातात). एवढा खटाटोप करून लिक्विड करतात ते ह्याचसाठी. जम्बो सिलेंडरमधे सात घनमीटर ऑक्सिजन १५० किलो प्रेशरने कोंबलेला असतो (आमच्या लाइनीत प्रेशर किलोतच बोलतात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर तेवढे किलो), वजनात बघाल तर जेमतेम दहा किलो माल आणि पन्नासेक किलो लोखंड. वीस किलोलिटरच्या टँकरात एकवीस-बावीस टन ऑक्सिजन जातो, म्हणजे दोन हजारांच्या वर सिलेंडर, आणि टाकीतलं प्रेशर सिलेंडरच्या मानाने काहीच नाही. पण उकळणाऱ्या मालाला जायला जागा नाही मिळाली तर मात्र हेच आकडे उलटे अंगावर येतात.

म्हणून टाकी कधी काठोकाठ भरत नाहीत, वर पाचेक टक्के जागा ठेवतात, कारण लिक्विडसुद्धा गरम होताना फुगतं. वर सेफ्टी व्हॉल्व्ह असतात, ठरलेल्या प्रेशरला आपोआप उघडतात आणि प्रेशर उतरलं की बसतात, आणि तेही नाही चालले तर फुटणारी डिस्क असते. आमच्यात म्हणतात सेफ्टी सुटली. सेफ्टी सुटणं म्हणजे अपघात नाही, ती सुटायलाच बसवलेली आहे. घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. दोन व्हॉल्व्ह बंद केले आणि मधल्या हातभर पाइपात लिक्विड अडकलं, तर ते उकळून पाइप फोडू शकतं. म्हणून दोन व्हॉल्व्हच्या मधल्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा छोटा सेफ्टी असतो. नवीन पोराला शिकवताना मी पहिलं हेच दाखवतो, हा छोटा पितळी दाणा दिसतोय ना, ह्याला कधी रंग लावायचा नाही, बूच मारायचं नाही, टपटपतोय म्हणून चिंधी बांधायची नाही.

एक गोष्ट पुस्तकात वाचून लवकर पटत नाही, गाडीवर बसलं की पटते. उभ्या गाडीत प्रेशर चढतं आणि चालत्या गाडीत उतरतं. उभी असताना वरचा थर गरम होतो आणि खालचा गारच राहतो, आणि प्रेशर ठरतं वरच्या थरावरून. गाडी निघाली, दोन खड्डे लागले, माल हलला की खालचं गार लिक्विड वर येऊन मिसळतं आणि काटा खाली येतो. त्यामुळे चांगल्या टाकीत दिवसाला एक टक्क्याच्या आतच माल उडतो आणि दोन-तीन दिवसांच्या रस्त्याला काही होत नाही, पण गाडी मधे उभी राहिली की ड्रायव्हरची झोप गेली.

आणि उभं राहण्यासाठी आमचा हायवे प्रसिद्धच आहे. जांबुवा, पोर, बामणगाम, तीन अरुंद पूल, पावसाळ्यात खड्डे पडले की कपुराईपर्यंत लाइन लागते. अशा ट्रॅफिकमधे दुपारी गाडी अडकली की बाकीचे ड्रायव्हर खाली उतरून शेंगा खातात आणि टँकरवाला मागे जाऊन गेज बघतो. समजा सेफ्टी सात किलोला सुटणार आहे आणि काटा सहाच्या वर गेलाय. वाट बघायची का हाताने व्हेंट मारायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून थोडा गॅस सोडायचा? वाट बघितली तर सेफ्टी स्वतःच्या मर्जीने सुटणार, शिट्टीसारखा आवाज करून, बाजूला कोण उभं आहे ते न बघता. हाताने सोडलं तर वेळ आणि जागा तुमच्या हातात. नायट्रोजन असेल तर वारा कुठे वाहतोय आणि बाजूला खोलगट जागेत कोणी बसलंय का एवढं बघून थोडं थोडं सोडता येतं. ऑक्सिजन असेल तर शेजारच्या ट्रकवाल्याच्या हातातली बिडी आधी विझली पाहिजे, आणि तो विझवत नाही, तो म्हणतो काका ऑक्सिजनच आहे ना, हवाच आहे. मग त्याला समजवा भर उन्हात. एलएनजी असेल तर ट्रॅफिकमधे सोडायचा प्रश्नच येत नाही, तो जळणारा गॅस आहे, म्हणून त्या टाक्यांना प्रेशर जास्त दिवस सहन करतील असंच बनवतात. सोडताना गॅस निघून जातो आणि उरलेलं लिक्विड स्वतःच थोडं गार होतं, त्यामुळे दोन मिनिटं सोडलं तरी बराच वेळ मिळतो. पण तो सोडलेला गॅस वजनकाट्यावर कमी भरतो. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे असताना घट ठरलेल्या टक्क्याच्या वर गेली की ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापायचे. कापा, पण मग जांबुव्याच्या पुलाचेही पैसे कापा ना कोणाचे तरी! अशा कापाकापीने पोरं व्हेंट मारायला घाबरतात आणि काटा लाल पट्ट्यात जाईपर्यंत बसून राहतात, हे कुठल्याच शेठला कळत नाही.

बाहेरून सगळे टँकर सारखे दिसतात पण मालाप्रमाणे स्वभाव वेगळे.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण बाकी सगळ्याला पेटायला मदत करतो. हवेत तो २१ टक्के असतो, तेवीस-चोवीसच्या वर गेला की जे एरवी धुमसतं ते भडकतं. तेल आणि ग्रीस तर त्याचे शत्रूच, म्हणून ऑक्सिजनच्या गाडीच्या व्हॉल्व्हला कधी ग्रीसचा हात लागता कामा नये, डिझेल भरून आलेले तेच हातमोजे घालून होजला, म्हणजे माल उतरवायच्या नळीला, हात लावायचा नाही. कपड्यात ऑक्सिजन मुरतो हे लोकांना माहीत नसतं. व्हेंटच्या धुरात उभं राहून आलात तर निदान अर्धा तास मोकळ्या हवेत फिरा, कपडे झटका, मग विडी काय ती ओढा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डांबर. लिक्विड ऑक्सिजन डांबरी रस्त्यावर सांडला आणि मुरला की त्या जागेवर नुसता पाय पडला किंवा पाना पडला तरी स्फोट होऊ शकतो. म्हणून माल उतरवायची जागा काँक्रीटची लागते. सांडलं असेल तर बर्फ पूर्ण जाईपर्यंत तिथून गाडी हलवायची नाही, कोणाला चालू द्यायचं नाही, आणि बर्फ गेल्यावरही वर थोडा वेळ थांबायचं. हॉस्पिटलवाले पार्किंग चकाचक करायच्या नादात ऑक्सिजनच्या टाकीसमोर डांबर टाकतात, मग ड्रायव्हर माल उतरवायला नाही म्हणाला की ड्रायव्हर आगाऊ.

नायट्रोजन उणे १९६. जळत नाही, वास नाही, रंग नाही, म्हणून लोक त्याला गरीब समजतात. माझ्या मते सगळ्यात जास्त घाबरायचं ते ह्यालाच. आपला जीव गुदमरतो तो छातीत कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून, ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही. नायट्रोजन भरलेल्या खोलीत तुम्ही श्वास सोडता, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, शरीराला सगळं ठीक वाटतं आणि दोन-चार श्वासांत माणूस खाली. मग त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही पडतो. ड्रायव्हरने कुणाला वाचवायला खड्ड्यात, बंद खोलीत, टाकीत उतरायचं नाही, बाहेरून हाका मारायच्या आणि सिलेंडरचा मास्क लावलेल्या माणसाला बोलवायचं, हे ऐकायला निर्दयी वाटतं पण तसंच आहे. नायट्रोजनचे गिऱ्हाईक आपल्याकडे भरपूर, नंदेसरी आणि दहेजच्या केमिकल कंपन्या, फार्मावाले, आणि आणंदच्या बाजूला तर गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या स्ट्रॉ ह्यातच बुडवून ठेवतात.

नायट्रोजनची अजून एक गंमत. तो ऑक्सिजनपेक्षा गार असतो ना, त्यामुळे उघड्या गार पाइपावर आजूबाजूची हवाच लिक्विड होऊन ठिबकायला लागते, आणि त्या थेंबात ऑक्सिजन जास्त असतो. म्हणजे नायट्रोजनची गाडी असली तरी पाइपाखाली तेलकट चिंधी ठेवायची नाही.

आर्गॉन उणे १८६, हवेपेक्षा जड, नाल्यात खड्ड्यात जाऊन बसतो, वेल्डिंगवाल्यांना आणि स्टीलवाल्यांना लागतो. एलएनजी उणे १६२, देशातलं पहिलं टर्मिनल २००४ मधे दहेजला सुरू झालं, जिथे पाइपलाइन नाही तिथे टँकरने जातो. घरच्या गॅसला जो वास असतो तो त्यात नसतो, वासाचं द्रव्य एवढ्या थंडीत गोठून जाईल, म्हणून नाकावर भरवसा ठेवायचा नाही, डिटेक्टर लागतो. हवेत पाच ते पंधरा टक्क्यांत पेटतो. हायड्रोजन आणि हेलियम अजून खाली, उणे २५३ आणि उणे २६९, ते वेगळंच खातं आहे, त्याचं इथे राहू द्या.

वजनाचा हिशोब पण मालाप्रमाणे बदलतो. दहा हजार लिटर नायट्रोजन आठ टन, तेवढाच ऑक्सिजन साडेअकरा टन, आर्गॉन चौदा टन. त्यामुळे आर्गॉनला छोटी टाकी दिसते आणि तरी गाडी चढावर जास्त कुंथते.

चालवण्याबद्दल. ब्रेक मारला की गाडी थांबते, माल थांबत नाही, तो अर्ध्या सेकंदाने मागून येऊन ढकलतो. टाकीत आडवे पत्रे असतात ते पुढे-मागे हलणं कमी करतात, डावी-उजवीकडच्या हलण्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. भरलेली गाडी एकवेळ बरी, अर्धी झालेली गाडी वळणावर जास्त त्रास देते कारण मालाला फिरायला जागा मिळते, आणि आमच्या गाड्या दिवसातून तीन-चार ठिकाणी थोडं थोडं उतरवत जातात म्हणजे बहुतेक वेळ अर्ध्याच असतात. गोल्डन चोकडीचा रॅम्प घ्या, अहमदाबाद एक्स्प्रेसवेचं टोक घ्या, बोर्डावर चाळीस लिहिलंय तर आम्ही पंचवीसने उतरतो आणि मागचे हॉर्न मारतात. मारू देत. टँकर उलटतो तो बहुतेक वेळा धडकून नाही, वळणावर स्वतःहून. जुलै २०२५ मधे महीवरचा गंभीरा पूल पडल्यापासून पादऱ्याकडून आणंदकडे जाणाऱ्या जड गाड्या वासदवरून फिरतात, तो फेरा जास्तीचा, आणि फेरा म्हणजे तास, आणि तास म्हणजे प्रेशर.

खरा कस लागतो माल उतरवताना. रात्री अडीच वाजता हॉस्पिटलच्या मागे पोचलात असं समजा, ह्या वेळी का तर दिवसा शहरात जड गाडीला एन्ट्री नाही. सिक्युरिटीवाला झोपेत, टाकीच्या कुंपणाची चावी कोणाकडे आहे ते त्याला माहीत नाही. चावी येते. चाकांना लाकडी ठोकळे, अर्थिंगची वायर, मग हॉस्पिटलच्या टाकीवर लिहिलेलं मालाचं नाव वाचायचं, मोठ्याने वाचायचं, चलनावर तेच आहे का बघायचं. ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉनचे कपलिंग, म्हणजे होज जोडायची तोंडं, मुद्दाम वेगळ्या मापाचे असतात, चुकीचा होज बसूच नये म्हणून. कोणी अडॅप्टर काढून दिला की समजायचं हा माणूस कोणाचा तरी जीव घेणार.

होज लावायच्या आधी तोंडातली धूळ आणि ओल बघायची, मग थोडा गॅस सोडून होज आतून साफ करायचा, कारण आत पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होऊन व्हॉल्व्ह अडकतो. मग लिक्विड हळूहळू. गरम होजमधे एकदम सोडलं तर ते उकळून दणके देतं, होज सापासारखा उडतो. आधी होज ओला होतो, मग पांढरा, मग कडक, आणि आतला फुसफुस आवाज बदलून एकसारखा झाला की कळतं आता लिक्विड येतंय, मग पंप चालू करायचा. पंप नसेल तर गंमत बघा, गाडीखाली ॲल्युमिनियमच्या पंखांची कॉइल असते, त्यात थोडं लिक्विड सोडायचं, बडोद्याच्या उकाड्याने त्याचा गॅस होतो, तो टाकीच्या वरच्या भागात परत न्यायचा आणि तो खालच्या लिक्विडला ढकलतो. दिवसभर ज्या गरमीशी भांडलो तिलाच रात्री कामाला लावायचं.

हॉस्पिटलची टाकी भरली कशी कळते, तर वरच्या पातळीला एक बारीक नळी असते, तिचा व्हॉल्व्ह थोडा उघडून ठेवायचा, त्यातून आधी गॅस येतो आणि मग अचानक लिक्विडची पिचकारी थुंकायला लागते. थुंकली की बंद. लेव्हलच्या गेजवर भरवसा ठेवून गप्पा मारत बसायचं नाही. मग होजमधलं उरलेलं सोडून द्यायचं, बर्फाने जाम झालेला कपलिंग हातोडीने ठोकायचा नाही, आगीने तर नाहीच नाही, स्वच्छ कोमट पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. आणि आपली टाकी कधी पूर्ण कोरडी करायची नाही, तळाला थोडा माल ठेवूनच परतायचं, नाहीतर टाकी गरम होते आणि पुढच्या वेळी भरताना तिला परत थंड करण्यातच कितीतरी माल उडून जातो.

ह्या सगळ्यात हातमोजे ढगळ पाहिजेत. घट्ट मोज्यात थेंब गेला तर काढेपर्यंत बोट गेलं, ढगळ असला की झटकून फेकता येतो. पँट बुटाच्या बाहेर, तोंडावर शिल्ड, घड्याळ-अंगठी काढून. चटका लागलाच तर चोळायचं नाही, चिकटलेलं कापड ओढायचं नाही, कोमट पाण्यात धरायचं आणि डॉक्टरकडे.

सगळ्या देशाला ह्या गाड्या कळल्या त्या एप्रिल २०२१ मधे. तेव्हा अडचण नुसती ऑक्सिजन बनवण्याची नव्हती, तो बनत होता पूर्वेकडे, राउरकेला, जमशेदपूर, बोकारो, आणि लागत होता दिल्लीत, महाराष्ट्रात, गुजरातेत, आणि मधे न्यायला टँकर कमी. नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकर साफ करून, पर्ज करून (आतला जुना गॅस पूर्ण काढून) ऑक्सिजनला लावले. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वॅगनवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले, ती पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. वॅगनवर चढवल्यावर टँकरची उंची बोगद्यात आणि वरच्या वायरींना लागू नये म्हणून ३३२० मिलिमीटर उंचीचंच मॉडेल निवडलं, आणि घाट टाळायला वसई-सुरतवरून फिरवून नेलं. लोक विचारायचे की विमानातून भरलेले टँकर का नाही आणत. तर वर सांगितलं तेच, टाकी श्वास घेते, बंद विमानात ऑक्सिजन सुटला तर विमानच पेटायचं, म्हणून हवाई दलाने रिकामे टँकर उडवत नेले आणि भरलेले रस्त्याने नाहीतर रेल्वेने आले. त्याच आठवड्यात, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन हॉस्पिटलमधे टाकी भरताना गळती झाली, आतल्या लाइनचं प्रेशर पडलं आणि त्या दिवशी २२ पेशंट गेले. त्या बातमीनंतर हॉस्पिटलच्या कुंपणात उभं राहून होज जोडताना आतल्या लाइनचं गेज बघितल्याशिवाय माझा हात व्हॉल्व्हवर जात नाही.

रस्त्यावरच्या लोकांसाठी दोन शब्द. टँकरातून पांढरा धूर निघतोय म्हणजे आग लागली असं नाही. तो गॅससुद्धा नाही, ऑक्सिजन-नायट्रोजन दिसतच नाहीत, थंडीने हवेतली वाफ दिसते एवढंच, आणि गॅस त्या पांढऱ्याच्या बाहेरही पसरलेला असतो. म्हणून व्हिडिओ काढायला त्यात घुसू नका. गाडी उलटलेली असेल तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला, उंचावर जा, सिगरेट विझवा, ११२ ला फोन करा आणि टँकरच्या मागे-बाजूला जो पट्टा असतो त्यावरचा चार आकडी नंबर सांगा. १०७३ म्हणजे लिक्विड ऑक्सिजन, १९७७ नायट्रोजन, १९५१ आर्गॉन, १९७२ एलएनजी. तो नंबर कळला की फायरवाल्यांचं अर्धं काम होतं.

कोणाला ह्या लाइनीत यायचं असेल तर, टाकीचे नियम आणि परवाना नागपूरच्या पेसोकडून (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं सरकारी खातं), ते मालकाचं डोकेदुखीचं काम. ड्रायव्हरला हेवी लायसन्सवर धोकादायक मालाचा शेरा लागतो, त्यासाठी तीन दिवसांचा कोर्स, आणि रिन्यू करताना एक दिवसाचा रिफ्रेशर. नियमात असंही आहे की घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एखादी भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आलं पाहिजे, तर मराठी चालते, गुजरातीच पाहिजे असं काही नाही, पण इंग्रजीला सूट नाही कारण ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचे धोके आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, वाचावं लागतं. पैसे साध्या ट्रकपेक्षा बरे मिळतात, रात्रीचं जागरण जास्त, आणि घरच्यांना फोनवर सांगायची वेळ ठरलेली नसते कारण प्लांटच्या आत आणि उतरवायच्या जागी फोन बंद ठेवावा लागतो. कोर्स कुठे होतो ते आरटीओत विचारा, मान्यता असलेल्या संस्थांची नावं तिथे मिळतात, बाहेरच्या एजंटाला पैसे देऊ नका.